खसखशीचा केक आणि दोन चमचे

क्रेनवाल्याला पाळी अर्धी असताना खाली बोलावतात ते दोनच कारणांनी. एक तर वारा वाढलेला असतो, नाही तर घरात कोणीतरी गेलेलं असतं. शुक्रवारी सकाळी साडेदहाला वॉकीवर "खाली या" असा निरोप आला तेव्हा वहिनीने काचेतून बाहेर पाहिलं. गोदामावरचा झेंडा ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता. वारा नव्हता.

क्रेनला एकशे बेचाळीस पायऱ्या होत्या. तेवढ्या उतरेपर्यंत तिने घरातली सगळी माणसं एकेक करून मारली. आधी सासूबाई, कारण वय. मग नवरा, कारण तो स्कूटरवरून जाताना मनात गणितं सोडवतो. शेवटच्या वीस पायऱ्यांवर नणंद राहिली होती, तिच्यापर्यंत पोचायच्या आत जमीन आली.

बंदरावर तिला सगळे वहिनी म्हणत. तिचा धाकटा दीर तिच्याआधी तिथे वजनकाट्यावर होता. तो म्हणायचा म्हणून बाकीचे म्हणू लागले. दीर नोकरी सोडून गेला, नातं तिथेच राहिलं. चौदा वर्षं क्रेन चालवून तिने साठेक दीर जमवले होते. त्यांतले सेफ्टीसाहेब वयाने सर्वांत लहान आणि टेबलाने सर्वांत मोठे.

"बसा वहिनी."

"कोण?"

"कोण म्हणजे?"

"कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही हो. तुमची लघवी पॉझिटिव्ह आली."

वहिनी खुर्चीत बसली. पहिले तीन-चार सेकंद तिला इतकं हलकं वाटलं की ती जवळजवळ हसली. घरचे सगळे जिवंत होते. मग वाक्याचा दुसरा अर्धा भाग पोचला.

"पॉझिटिव्ह कशाला?"

साहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "अफूच्या कुळातली द्रव्यं."

"मी?"

"तुम्ही म्हणजे तुमचा नमुना."

बुधवारी पाळी सुरू व्हायच्या आधी सहा जणांची नावं चिठ्ठ्यांतून निघाली होती. त्यात तिचं होतं, नेहमीसारखा प्लास्टिकचा डबा, नेहमीसारखी सही. साहेबांनी समजावून सांगितलं, की ही पहिली चाचणी जरा ढोबळ असते, ती कशालाही फसू शकते. म्हणून तोच नमुना दुसऱ्या, बारीक चाचणीला गेला आहे. सोमवारी अकरा वाजता कंपनीने नेमलेला डॉक्टर तिला फोन करील, चार प्रश्न विचारील. दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह आली आणि डॉक्टरला कारण पटलं नाही, तर परवाना रद्द. फक्त इथला नाही. कुठल्याच बंदरावर तिला परत क्रेनवर चढता येणार नाही.

"आणि पटलं तर?"

"तर मंगळवारी सहाला वर." साहेबांनी हात पुढे केला. "तोपर्यंत किल्ली."

किल्ली टेबलावर ठेवल्यावर साहेबांनी बुधवारचा तिचा फॉर्म समोर सरकवला. तिसऱ्या रकान्यात छापलं होतं, 'गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं'. त्यापुढे तिच्या स्वच्छ अक्षरात 'निरंक'.

"हे बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे," वहिनी म्हणाली. इथे तिच्याकडून चूक झाली. पण ती चूक तिची एकटीची नव्हती, संस्थेची होती, आणि त्यामुळे ती अगदी सहज झाली.

त्याचं असं होतं. चार वर्षांपूर्वी एका क्रेनवाल्याने याच रकान्यात 'पित्ताची गोळी, एक' असं लिहिलं. त्याला एकोणीस दिवस खाली बसवून ठेवलं. तीन वेगवेगळ्या डॉक्टरांची तीन पत्रं आणावी लागली, त्यांतलं एक दातांच्या डॉक्टरचं. तेव्हापासून त्याचं नाव ॲसिडिटी पडलं, आणि तेव्हापासून बंदरावरच्या बावीसच्या बावीस क्रेनवाल्यांनी त्या रकान्यात निरंक लिहायला सुरुवात केली. त्यांत दोघांना साखर होती, एकाला रक्तदाब होता, एकाच्या हृदयात जाळी बसवलेली होती. कागदोपत्री मात्र इतकी ठणठणीत माणसं एका कुंपणात कुठेच सापडली नसती. वार्षिक अहवालात त्याबद्दल वरच्या कार्यालयाने दोनदा समाधान व्यक्त केलं होतं.

दुपारी दोनला मास्तर शाळेतून घरी आले. वहिनीचा नवरा माध्यमिक शाळेत गणित शिकवत असे, आणि गल्लीत त्याला मास्तर म्हणत म्हणून घरातही तेच चालू झालं होतं. बायकोला भर दिवसा घरात, गणवेशात, बंद टीव्हीसमोर बसलेली पाहून ते दारातच थांबले.

"कोण गेलं?"

"परवाना जाईल बहुतेक," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं.

मास्तरांनी चप्पल न काढता चौकटींची वही काढली. त्यांना भीती वाटली की ते तक्ता करत. उभे रकाने चार, रविवार ते बुधवार सकाळ. आडवे रकाने खाणं, पिणं, औषध, इतर.

"रविवारी सकाळी काय खाल्लंस?"

"तुम्ही केलेली अंडी."

"अंड्यात काही नसतं. चहा?"

"चहा रोजचा."

"टॉनिक वॉटर प्यायलीस का कधी?"

"मी कशाला पिऊ?"

"त्यात क्विनीन असतं. काही ठिकाणी त्याचंही नाव घेतात." मास्तर मोबाइल एका हाताने लांब धरून वाचत होते. "काही अँटिबायोटिक्स. सर्दीच्या गोळ्या. ॲलर्जीच्या गोळ्या, झोप येते त्या. यांच्यामुळे पहिली चाचणी उगाच पॉझिटिव्ह दाखवू शकते. मागे तुला लघवीचं इन्फेक्शन झालं होतं तेव्हाच्या गोळ्या..."

"त्याला दोन वर्षं झाली."

"मग ते नाही." त्यांनी ते लिहून खोडलं, कारण त्यांना पायऱ्या दाखवायची सवय होती. "आणि खसखस. खसखस खरंच आणते. ती अफूच्याच झाडाची."

दोघांनी एकदम स्वयंपाकघराकडे पाहिलं. ओट्यावर जाळीखाली पाव केक शिल्लक होता. करडा, ठिपक्याठिपक्यांचा, एका बाजूने बसलेला.

हा केक मास्तरांच्या बहिणीने केला होता. वन्सं दोन गल्ल्या पलीकडे राहत, आणि निवृत्त झाल्यापासून मोबाइलवर पाहून बेकिंग शिकत होत्या. रविवारी त्यांनी खसखशीचा केक आणला. वहिनीला तो मुळीच आवडला नव्हता. दातांत वाळू गेल्यासारखं वाटत होतं. पण वन्सं समोर बसल्या होत्या, म्हणून तिने "छान झालाय" म्हटलं आणि शिक्षा म्हणून दुसरा तुकडा आला. सोमवारी त्या फोनवर "संपला का?" म्हणाल्या, म्हणून तिसरा. मंगळवारी चौथा. चांगलं वागण्याचे इतके घट्ट पुरावे माणसाच्या शरीरात क्वचितच साठतात.

वन्संना बोलावलं. त्या आल्या, ऐकलं, आणि त्यांचा चेहरा आधी पडला, मग हळूहळू उजळला.

"म्हणजे माझ्या केकमुळे?"

"शक्यता आहे," मास्तर म्हणाले.

"मी खसखस चांगली घातली होती. वाटीभर. हात आखडता घेतला नाही." त्या वहिनीकडे वळल्या. "तू काही काळजी करू नकोस. मी लिहून देते. कृतीसकट देते."

मास्तरांनी खसखस या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. सासूबाई आतून म्हणाल्या, "सापडलं का?" वन्सं म्हणाल्या, "सापडलं, आई, माझ्यामुळेच." त्यांनी चहा टाकला.

वहिनी उठली, न्हाणीघरातल्या आरशामागचं कपाट उघडलं आणि तपकिरी बाटली आणून वहीवर ठेवली.

"हे पण," ती म्हणाली.

मास्तरांना मागच्या महिन्यात कोरडा खोकला झाला होता. तेव्हा डॉक्टरने लिहून दिलेलं ते औषध होतं, अर्धी बाटली उरलेली. सोमवारी पहाटे वहिनीला खोकल्याची उबळ येत होती. वर केबिनमध्ये खोकला आला की हात हलतो, हात हलला की दांडी हलते, आणि दांडी हलली की साखळीच्या टोकाला चार टन हलतात. म्हणून निघताना, साडेपाचला, तिने दोन चमचे घेतले होते. सुरक्षेचा विचार करूनच.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवून बाटली नाकाशी नेली. कोडीन, असं लिहिलं होतं. ते अफूच्या कुळातलं. त्याखाली मुंगीच्या अक्षरांत, गुंगी येऊ शकते, वाहन व यंत्र चालवू नये.

"केवढं यंत्र ते नाही लिहिलं," ते म्हणाले.

वन्संनी चहा ओतला. त्या म्हणाल्या, "पण केकसुद्धा खरा आहे ना? खोटं कुठे आहे त्यात?"

"खोटं नाही," मास्तर म्हणाले. "दोन्ही खरी आहेत. एक सांगितलं तर ती मंगळवारी वर जाते. दुसरं सांगितलं, तर दुसऱ्याची बाटली, न सांगता घेतलेली, वर यंत्र चालवलेलं, आणि फॉर्मवर निरंक." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "एका खऱ्याने भागतंय तर दोन कशाला."

आयुष्यभर मुलांना उत्तराची प्रत्येक पायरी लिहायला लावणाऱ्या माणसाने हे म्हटलं, यावरून ते किती घाबरले होते हे कळत होतं.

शनिवारी हूकवाला घरी आला. जमिनीवर उभा राहून पाइपांच्या जुड्यांना साखळ्या अडकवणं आणि वहिनीला हाताने खुणा करणं हे त्याचं काम. नऊ वर्षं ती त्याला वरून पाहत आली होती. त्याच्या टोपीचं टक्कल तिला त्याच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचं होतं. तो सोफ्याच्या कडेवर, उठायच्या तयारीने बसला.

"कँटीनमध्ये बोंब झालीय," तो म्हणाला. "बुधवारी पावावर खसखस लावलेली असते ना, ती आचाऱ्याने सगळी खरवडून काढली. आता पाव दिसतोय मुंज झाल्यासारखा. आणि कंपनीने सूचना लावलीय, काय खाऊ नये त्याची. मेनूच्या मागच्या बाजूला छापलीय. वाचायची तर मेनू उलटा करावा लागतो, मग जेवण काय ते दिसत नाही."

"आणि लोक काय म्हणतात?"

"लोक म्हणतात केक सांगा. सगळ्यांना माहितीय केकचं. तुमच्या नणंदबाई गेटवरच्या वॉचमनला सांगून गेल्या."

वहिनीने पाण्याचा ग्लास त्याच्यासमोर ठेवला. मग शुक्रवारपासून जे ती कोणाला बोलली नव्हती ते विचारलं.

"सोमवारी सकाळी, पहिल्या तासात. तो जुडगा झुलला होता ना?"

हूकवाला हसला. "झुलला म्हणजे? माझ्या टोपीला नमस्कार करून गेला. मी म्हटलं, आज वहिनींच्या अंगात आलंय."

"किती लांब होता?"

त्याने दोन्ही हात समोर धरले, हातभर अंतर ठेवून. त्याच्याकडे बघत ती तशीच बसून राहिली. मग त्याने हात थोडे जवळ आणले. आणखी थोडे. आता मध्ये जेमतेम वीतभर जागा होती. तो हसायचा थांबला.

"तुम्ही खूण केली होतीत," ती म्हणाली. "मी पाहिली. पाहिली आणि मग हात थांबला. मध्ये काहीतरी होतं. पाहणं आणि थांबणं यांच्या मध्ये."

"वारा असेल."

"वारा नव्हता."

"मी कोणाला बोललो नाही, वहिनी. बोलणारही नाही." तो उठला. "तुम्ही वर नसलात तर त्या ॲसिडिटीला बसवतील. तो साखळी अशी टाकतो, जसं काही मी खाली नाहीच." दारात त्याने टोपी घातली आणि ती घालताना उगाचच एकदा वरून चाचपली.

रविवारी मास्तर डॉक्टर झाले. त्यांनी मोबाइल कानाला लावला आणि शेजारच्या खोलीतून तिला फोन केला.

"गेल्या सात दिवसांत कुठली औषधं घेतलीत?"

"कुठली नाही."

"कुठली नाही नको. फार ठाम वाटतं. 'आठवत नाही' म्हण."

"आठवत नाही."

"आता फार गुळगुळीत झालं. मध्ये जरा विचार कर."

तिने विचार केला. तिकडून मास्तर म्हणाले, "इतका नको."

वन्संनी दोन पानी निवेदन लिहून आणलं होतं. त्यात केकचं साहित्य, ओव्हनचं तापमान आणि 'माझी भावजय अत्यंत सालस असून तिने चार तुकडे आनंदाने खाल्ले' हे वाक्य होतं. त्यांचा एकच प्रश्न होता. खसखस वाटीभर लिहिली आहे. ती दीड वाटी करावी का, म्हणजे जोर येईल?

"वन्सं, जेवढी होती तेवढीच लिहा."

"अगं, मी तुझ्यासाठीच म्हणते."

"माहितीय मला," वहिनी म्हणाली, आणि ते खरंच माहीत होतं, हाच सगळा त्रास होता.

ती उजवा हात पुढे धरून पाहत होती. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. मास्तर नकळत टाळी वाजवायचे, दार आपटायचं, आणि ती बघायची की आपण किती वेळाने दचकतो. रविवारी ती प्रत्येक वेळी अगदी वेळेवर दचकली. त्यावरून गेल्या सोमवारचं काहीच सिद्ध होत नव्हतं.

सोमवारी मास्तरांनी रजा टाकली. पावणेअकरापासून फोन जेवणाच्या टेबलावर मध्यभागी, स्पीकर चालू करून ठेवला होता. एका बाजूला वहिनी, एका बाजूला मास्तर, पेन उघडं, आणि वन्सं निवेदन घेऊन उभ्या, कारण बसलं तर आवाज नीट निघणार नाही असं त्यांना वाटत होतं. सासूबाईंना आत बसायला सांगितलं होतं, म्हणून त्या दाराच्या आत बसल्या होत्या, दार उघडं ठेवून.

अकरा वाजून नऊ मिनिटांनी फोन वाजला. डॉक्टरचा आवाज दमलेला होता, कंपन्यांसाठी दिवसभर तेच चार प्रश्न विचारणाऱ्याचा. त्याने नाव, जन्मतारीख आणि नमुन्याचा नंबर विचारला.

"आता मी यादी वाचतो. हो किंवा नाही म्हणा. खसखस, किंवा खसखस असलेला पाव, केक, बिस्किटं?"

वन्संनी श्वास घेतला.

"हो. केक. चार तुकडे."

टाइप केल्याचा आवाज आला. मास्तरांनी मान हलवली, झालं, आता थांब.

"गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं? डॉक्टरांनी दिलेली, दुकानातून आणलेली, कोणाकडून घेतलेली?"

मास्तरांनी तिच्यासमोर वही सरकवली. वर मोठ्या अक्षरात 'आठवत नाही' लिहिलेलं होतं, आणि शेजारी कंसात 'जरा थांबून'. वहिनी जरा थांबली.

"खोकल्याचं," ती म्हणाली. "कोडीनचं. नवऱ्याच्या बाटलीतलं. दोन चमचे, मागच्या सोमवारी सकाळी साडेपाचला. आणि सहाला मी वर गेले."

वन्सं खाली बसल्या. पलीकडचा टाइप केल्याचा आवाज थांबला होता.

"बाई," डॉक्टर म्हणाला, "आमचा क्रम असा असतो, की आधी विचारायचं आणि मग निकाल सांगायचा. क्रम मी ठरवलेला नाही."

"बरं."

"दुसऱ्या चाचणीचा निकाल सकाळीच आलाय. प्रमाण मर्यादेच्या खाली आहे. म्हणजे निगेटिव्ह. तुम्ही काही नाही म्हटलं असतंत तरी मी प्रकरण बंद केलं असतं. बहुतेक लोक तेच म्हणतात."

मास्तरांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. त्यातून आवाज आला तो हसण्याचा होता की दुसरा कसला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"तुम्ही आत्ता जे सांगितलंत," डॉक्टर म्हणाला, "ती ओळ मी अजून टाकलेली नाही. टाकली तर कंपनीला कळवावं लागेल. औषध घेऊन यंत्र चालवलं. कमीत कमी तीन महिने खाली, पुढचं त्यांच्या हातात. परवाना जाईलच असं नाही. जाणार नाही असंही नाही."

"एक विचारू का?"

"विचारा."

"दोन चमच्यांनी हात उशिरा थांबू शकतो?"

"शकतो."

"माझा थांबला होता का, ते कळतं चाचणीत?"

"नाही. चाचणी फक्त लघवीबद्दल सांगते."

टेबलाभोवती सगळे तिच्याकडे पाहत होते. मास्तर मान हलवत होते, आडवी, अगदी थोडी, जसे ते परीक्षेत चुकीचं उत्तर लिहू पाहणाऱ्या आवडत्या मुलाकडे बघून हलवत असतील. वन्संनी निवेदनाची पानं पुन्हा उघडली होती, जणू त्यात अजून काही सापडेल. वहिनीला मात्र हूकवाल्याचे हात दिसत होते, जवळ येत चाललेले.

"टाका ती ओळ," ती म्हणाली.

"नक्की?"

"टाका."

टाइप केल्याचा आवाज आला, फार वेळ चालला नाही. एवढ्याशा ओळीला लागतो तितकाच. डॉक्टरने "काळजी घ्या" म्हटलं आणि मग, छापील नसलेलं आणखी एक वाक्य तो बोलला. "खोकला कसा आहे आता?"

"गेला."

"बरं झालं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

कोणी काही बोलायच्या आत वहिनीने सेफ्टीसाहेबांचा नंबर लावला. तिला भीती होती, की पाच मिनिटं थांबलं तर मास्तर तक्ता करतील आणि तो तक्ता तिला पटेल.

"अहो वहिनी, अभिनंदन," साहेब म्हणाले. "निगेटिव्ह आलं. मी किल्ली काढूनच ठेवलीय."

"किल्ली राहू द्या. डॉक्टरांचं पत्र येईल तुम्हाला, ते वाचा. आणि मला एक फॉर्म पाहिजे होता."

"कसला?"

"मागच्या सोमवारी अपघात होता होता राहिला. त्याचा."

पलीकडे कपाटाचा पत्रा वाजला, एक खण, दुसरा खण, काहीतरी खाली पडलं.

"असा फॉर्म आहे," साहेबांचा आवाज लांबून आला. "म्हणजे असणार. आजवर कोणी मागितलेला नाही. थांबा जरा."

"थांबते," वहिनी म्हणाली.

"काय म्हणतायत?" मास्तरांनी हळूच विचारलं.

"शोधतायत," ती म्हणाली, आणि फोन कानाला तसाच धरून ठेवला.